वापरलेला ॲक्टिव्हेटेड कार्बन किरणांनी साफ करायचा तर: सोलापूरच्या प्रोसेस हाऊससाठी पायरीपायरीने

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही डाईंग युनिटच्या ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे गेलात तर शेवटी दोन उभ्या टाक्या दिसतात, एक वाळूची आणि एक ॲक्टिव्हेटेड कार्बनची, म्हणजे बारीक छिद्रांत रंग धरून ठेवणाऱ्या कोळशाची. टॉवेल आणि चादरींच्या रंगाचं पाणी आधीच्या टप्प्यांतून कितीही नितळ होऊन आलं, तरी उरलेली फिकट छटा पकडायचं काम त्या दुसऱ्या टाकीचं. काही महिन्यांनी तिथला कार्बन भरतो, पाण्याला पुन्हा रंग यायला लागतो, मग जुना कार्बन पोत्यांत भरून शेडमध्ये जातो आणि नवा मागवला जातो. चिंचोळीकडच्या औषध कंपन्यांत हेच चक्र आणखी वेगाने फिरतं.

"हा कार्बन रेडिएशनने साफ होतो म्हणे, खरं का?" असं हल्ली बरेच जण विचारतात. होतो. पण कुठल्या किरणांनी, हे आधी ठरवावं लागतं, कारण निवड चुकली की पुढचा सगळा खर्च पाण्यात जातो. या लेखात मुख्यतः मायक्रोवेव्हची पद्धत पायरीपायरीने दिली आहे. गॅमा आणि इलेक्ट्रॉन किरणांची खरी जागा कुठे, ते शेवटाकडे येईल.

आधी किरणांची निवड

या कामासाठी चार प्रकारांची नावं घेतली जातात. अल्ट्राव्हायोलेट लगेच बाद करा. कार्बन काळा असतो, प्रकाश त्याच्या वरच्या थरातच संपतो आणि घाण बसलेली असते आतल्या छिद्रांत. युव्ही दिवा वाहत्या स्वच्छ पाण्यासाठी ठीक आहे, कार्बनच्या ढिगासाठी नाही.

गॅमा किरण आणि इलेक्ट्रॉन बीम आतपर्यंत पोचतात. ते प्रामुख्याने पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं, म्हणजे रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात आणि ती मूलकं रंगाच्या रेणूवर तुटून पडतात. ऐकायला छान वाटतं, पण हिशेब करून पाहू. १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. पाण्यात दर ज्यूलमागे साधारण ०.२८ मायक्रोमोल हायड्रॉक्सिल मूलकं मिळतात, म्हणजे १० किलोग्रेचा डोस दिला तर किलोभर पाण्यात २.८ मिलिमोल (मोल हे रेणूंच्या संख्येचं माप). आता किलोभर कार्बनवर १०० ग्रॅम रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ बसलाय असं धरा. आपल्याकडे काळ्यासाठी हाच रंग सर्रास वापरतात. त्याचं रेणूवजन ९९० च्या आसपास, म्हणजे हे झाले सुमारे १०० मिलिमोल. प्रत्येक रेणूला फक्त एक मूलक मिळावं म्हटलं तरी ३६० किलोग्रे लागतात, आणि तेवढ्या डोसात पाण्याचं तापमानच ८५ अंशांनी वर चढतं. एका मूलकाने रंग उडेल कदाचित, पण रेणूचे तुकडे तिथेच छिद्रात बसून राहतील. पूर्ण नायनाट करायला रेणूमागे अशी अनेक मूलकं लागतात. शिवाय कार्बनचा पृष्ठभाग स्वतःही बरीच मूलकं खाऊन टाकतो.

रेणूमागे पन्नास मूलकं धरली, तर किलोभर कार्बन आणि किलोभर पाण्यासाठी १० युनिट वीज नुसत्या किरणांतच जाते. मायक्रोवेव्हने तेच काम दीड युनिटच्या आतबाहेर होतं. म्हणून रंगाने गच्च भरलेल्या कार्बनसाठी चौथा प्रकार, मायक्रोवेव्ह, हाच व्यवहारात बसतो. मायक्रोवेव्ह रेणू फोडत नाही, ती कार्बनच्या कणाला आतून तापवते. कार्बन ही लहर फार चांगली शोषतो. भट्टीत कणाचा बाहेरचा भाग आधी तापतो आणि उष्णता हळूहळू आत सरकते, इथे कणाच्या पोटातच उष्णता तयार होते. त्यामुळे नेहमीच्या फिरत्या (रोटरी) भट्टीला अर्धा ते एक तास लागतो तिथे इथे काही मिनिटं पुरतात.

मायक्रोवेव्हमुळे कार्बन किरणोत्सारी होतो का, हाही प्रश्न हमखास येतो. नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनीही होत नाही, आणि १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतल्या इलेक्ट्रॉन बीमनेही नाही. लासलगावचा कांदा आणि वाशीला जाणारा मसाला असाच विकिरणातून जातो आणि लोक तो खातात.

पायरी १: कार्बनमध्ये बसलंय काय

मशीनची चौकशी करण्याआधी पोत्यातला माल ओळखा. सगळी पोती सारखी दिसतात आणि तिथेच घोटाळा होतो.

दाणेदार कार्बन, म्हणजे ८ बाय ३० मेशचा (मेश हे चाळणीचं माप) किंवा त्याहून जाड, या पद्धतीला योग्य. पावडर कार्बन नको. औषध कंपन्यांत द्रावण निवळायला पावडर वापरतात, तिच्यात फिल्टरची माती मिसळलेली असते, ती उडते, ठिणगी पडली की पेट घेते आणि गाळून परत वेगळी करता येत नाही. पावडर असेल तर हा लेख इथेच सोडून शेवटचा परिच्छेद वाचा.

दाणेदार कार्बनमध्ये पुढच्या चार गोष्टी शोधा. पहिली म्हणजे धातू. फिरोजी छटेच्या टॉवेलांना लागणाऱ्या टर्क्वाइज रिॲक्टिव्ह रंगांत तांबं असतं. मायक्रोवेव्हने रंगाचा सांगाडा जळून जाईल, पण तांबं राखेच्या रूपात कार्बनवरच राहील. कुठलेही किरण धातू नाहीसे करत नाहीत. फिरोजी, हिरवा यांचं काम जास्त असेल तर प्रयोगशाळेकडून तांबं आणि क्रोमियम दोन्ही तपासून घ्या.

दुसरी गोष्ट सिलिकॉन सॉफ्टनर. टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटच्या धुण्यात तो घालतात. त्याचा काही भाग कार्बनवर येऊन बसतो, तापवल्यावर त्याची वाळूसारखी सिलिका होते आणि छिद्रं कायमची बुजतात. याला उपाय नाही. सॉफ्टनरच्या बाथचं पाणी कार्बनच्या टाकीपर्यंत पोचूच न देणं, एवढंच आपल्या हातात आहे. माझ्या मते मशीनच्या किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा ही एक पाइपलाइन वेगळी केली तर जास्त पैसे वाचतात.

तिसरी गोष्ट मीठ. रिॲक्टिव्ह रंगाच्या बाथमध्ये लिटरला ४० ते ८० ग्रॅमपर्यंत मीठ किंवा ग्लॉबर्स सॉल्ट असतं. त्याबद्दल धुण्याच्या पायरीत सविस्तर येईल. चौथी गोष्ट सॉल्व्हेंट. चिंचोळीकडचा कार्बन असेल तर त्यात टोल्युइन, मिथिलीन क्लोराइड असं काहीही असू शकतं. क्लोरीनवाला सॉल्व्हेंट असेल तर धूर जाळायची व्यवस्था पूर्ण वेगळी लागते, आणि ती नसेल तर या कामाला हात लावू नका.

पायरी २: कागद

वापरलेला कार्बन हा घातक कचरा आणि इतर कचरा नियम, २०१६ खाली येतो. औषधनिर्मितीतल्या कार्बनसाठी अनुसूची १ मध्ये २८.३ हा क्रमांक आहे, सॉल्व्हेंट शुद्धीकरणातल्या कार्बनसाठी ३६.२. प्रदूषण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात कुठला क्रमांक आणि किती टन लिहिले आहेत ते काढून बघा. साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नको. नमुना ३ मध्ये रोजची नोंद, आणि नमुना ४ मधला वार्षिक तपशील ३० जूनपर्यंत.

स्वतःच्या आवारात कार्बन पुन्हा जिवंत करणं ही नवी प्रक्रिया धरली जाते. तिला चिमणी असते, धूर असतो, म्हणून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून संमतीत बदल करून घ्यावा लागतो. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सोलापुरातच आहे. तिथे मशीनचं पत्रक घेऊन जाऊ नका. वस्तुमानाचा ताळेबंद न्या: किती किलो कार्बन आत, किती बाहेर, किती वाफ, किती धूर, धुण्याचं पाणी कुठे. तो कागद नीट असेल तर पुढचं बोलणं सोपं जातं. दुसऱ्याचा कार्बन आपल्याकडे आणून साफ करायचा बेत असेल तर नियम ९ खाली वेगळी परवानगी लागते. शेजारच्या युनिटची चार पोती "असू द्या" म्हणून घेऊ नका.

पायरी ३: टाकीतून बाहेर काढणं

हे वाक्य ईटीपीच्या भिंतीवर रंगवून घ्यावं असं आहे: ओला कार्बन बंद टाकीतला ऑक्सिजन शोषून घेतो. टाकी रिकामी दिसते, वास येत नाही, धूर नसतो, आणि माणूस आत उतरून खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. हा धोका जगभर माहीत आहे, तरी आपल्याकडे फावडं देऊन पोराला आत उतरवतात.

शक्यतो माणूस आत घालूच नका. टाकीत पाणी भरा, कार्बन ढवळून पातळ करा आणि खालच्या झडपेतून पाण्याबरोबर बाहेर वाहू द्या. उतरावंच लागलं तर आधी ब्लोअरने हवा खेळवा, मीटरने ऑक्सिजन मोजा. १९.५% च्या खाली असेल तर आत जायचं नाही. कमरेला दोर, आणि दोर धरणारा माणूस बाहेर. त्याने फोनवर बोलत उभं राहायचं नाही.

बाहेर आलेला कार्बन जाळीवर निथळू द्या. पोत्याची तार, स्टेपल, खिळे असलं काही त्यात पडू देऊ नका, आणि पुढे एक चुंबक ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तारेचा एक तुकडा गेला तर ठिणग्या उडतात आणि भट्टीतली क्वार्ट्झची, म्हणजे काचेसारखी, नळी तडकते.

पायरी ४: धुणं

ही पायरी लोक वगळतात आणि मग मशीनला नावं ठेवतात. कार्बनमध्ये राहिलेलं मीठ तापवल्यावर उडून जात नाही. क्लोराइड स्टेनलेस स्टीलला खातो. ग्लॉबर्स सॉल्ट त्याहून वाईट: साडेसातशे अंशांच्या पुढे कार्बनबरोबर तापला की त्याचा सोडियम सल्फाइड होतो. पुढे तो कार्बन भिजवला, त्यातही पाणी जरा आम्लधर्मी असलं, की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू.

म्हणून आधी साध्या पाण्याने दोनतीनदा धुवा. पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजत राहा, तिच्यावरून पाण्यात किती क्षार आहेत ते कळतं; आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा जवळपास सारखा झाला की थांबा. मग १ ते २% हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही तास भिजत ठेवा. त्याने चुना आणि लोखंड निघतं, तांब्याचाही काही भाग निघतो. सोलापुरात बोअरचं पाणी जड आहे, कार्बनवर चुन्याचा थर हमखास असतो, त्यामुळे ॲसिड टाळू नका. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. आत सल्फाइड राहिलेला, म्हणजे एकदा भट्टीतून जाऊन आलेला कार्बन असेल, तर ॲसिडचं काम उघड्यावर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहून करा. शेवटी पीएच ६ ते ७ येईपर्यंत पुन्हा धुवा. हे सगळं पाणी ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत परत.

पायरी ५: वाळवणं

विजेचं बिल इथेच ठरतं. निथळलेल्या कार्बनमध्ये निम्मं वजन पाण्याचं असतं. किलोभर कोरड्या कार्बनबरोबर किलोभर पाणी आलं, तर ते पाणी तापवून वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. कार्बन स्वतः ६५० अंशांवर न्यायला पाऊण मेगाज्यूल पुरतो. म्हणजे महागातली मायक्रोवेव्ह ऊर्जा तीनचतुर्थांश पाणी उकळण्यात जाते. ते काम कुणीही स्वस्तात करेल.

सोलापूरचं ऊन इथे कामाला येतं, पण उघड्या गच्चीवर पसरणं नको. वाऱ्याने काळी भुकटी उडाली, अवकाळी पाऊस आला, की घातक कचरा गटारात. पारदर्शक पत्र्याची शेड, खाली पक्का कोबा, कडेने सांडपाण्याची नाली, आणि ट्रेमध्ये दोन इंचांचा थर. मार्च ते मे अशा शेडमध्ये ओलावा २०% पर्यंत सहज खाली येतो. पावसाळ्यात बॉयलरच्या धुराड्याजवळची वाया जाणारी गरम हवा वळवून घ्या. ही सोय फक्त रंगाच्या कार्बनसाठी. सॉल्व्हेंट असलेला कार्बन उन्हात ठेवणं म्हणजे सॉल्व्हेंट हवेत सोडणं, आणि कधीतरी आग.

अगदी खडखडीत वाळवायचीही गरज नाही. थोडं पाणी राहिलं तर भट्टीत त्याची वाफ होते, ती छिद्रांतली घाण बाहेर ढकलते आणि उरलेला कोळसट थर खरवडते. १५ ते २०% ओलावा चांगला.

पायरी ६: लहान चाचणी

दोन किलो नमुना घेऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत किंवा मशीन विकणाऱ्याकडे चाचणी करून घ्या. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन आणून ईटीपीच्या टेबलावर कार्बन तापवू नका. आत हवा असते, कार्बन लालभडक होऊन जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो.

चाचणीत ५००, ६५० आणि ८०० अशा तीन तापमानांचे नमुने मागा. प्रत्येकाचा आयोडिन नंबर (कार्बनची छिद्रं किती मोकळी आहेत ते सांगणारा आकडा), राख, आणि सुट्या दाण्यांची घनता. नव्या नारळाच्या कवटीच्या कार्बनचा आयोडिन नंबर साधारण ९०० ते ११०० असतो. तुमच्या नव्या मालाचा जो असेल त्याच्या ८५ ते ९०% परत आला तर उत्तम.

घनतेची चाचणी तर तुमच्याच बाकावर होते, आणि ती फार बोलकी आहे. अर्ध्या लिटरचं मोजपात्र कोरड्या कार्बनने भरा, हलकेच ठोका, वजन करा. नवा कार्बन लिटरला ४८० ते ५०० ग्रॅम भरत असेल आणि वापरलेला वाळवून ५८० ग्रॅम भरला, तर लिटरमागे ८० ते १०० ग्रॅम घाण आत आहे. साफ झालेला पुन्हा ४९० च्या जवळ यायला हवा. ४४० आला तर घाणीबरोबर कार्बनही जळाला, तापमान किंवा वाफ जास्त झाली. ५४० वर अडकला तर एकतर तापमान कमी पडलं, नाहीतर आत सिलिका आणि मीठ आहे. राखेचा आकडा बघितला की या दोनपैकी काय ते कळतं.

पायरी ७: मायक्रोवेव्ह भट्टी चालवणं

लहान युनिटसाठी २.४५ गिगाहर्ट्झचा ६ किलोवॉटचा संच धरून बोलू. आत क्वार्ट्झ किंवा ॲल्युमिनाची उभी नळी, वरून कार्बन, खालून स्क्रूने हळूहळू बाहेर. या वारंवारतेला लहर कार्बनच्या थरात काही सेंटिमीटरच शिरते, त्यामुळे जाड नळीचा मोह नको. मधला माल कच्चा राहतो आणि कडेचा जळतो.

चालू करण्याआधी नळीत नायट्रोजन सोडा आणि ऑक्सिजन २% च्या खाली येईपर्यंत मॅग्नेट्रॉनचं, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणाऱ्या भागाचं, बटण दाबू नका. सात घनमीटरचा एक सिलिंडर, तासाला दीड घनमीटरच्या हिशेबाने, पाच तासही पुरत नाही. रोज काम असेल तर हवेतून नायट्रोजन वेगळा करणारं छोटं यंत्र घ्या. ९८ ते ९९% शुद्धता पुरेशी आहे.

पहिली काही मिनिटं कमी पॉवरवर ठेवा, कार्बन १५० अंशांपर्यंत येऊन पाणी निघू द्या. एकदम जोर दिला तर दाण्याच्या आत वाफ होऊन दाणे फुटतात आणि भुकटी वाढते. मग पॉवर वाढवून चाचणीत सर्वांत चांगलं ठरलेलं तापमान गाठा. बहुधा ते ६५० ते ७५० च्या दरम्यान असतं. तिथे पाच ते दहा मिनिटं. नळीत बारीक निळसर ठिणग्या दिसतील. दाण्यांमध्ये हे होतंच. मोठा चाप पेटून एकाच जागी टिकला तर मात्र पॉवर बंद करा, तिथे धातू आहे किंवा कार्बन अडकलाय.

तापमानासाठी साधा थर्मोकपल आत खुपसू नका, त्याची धातूची नळी अँटेनासारखी वागते आणि आकडाही खोटा दाखवते. इन्फ्रारेड पायरोमीटर वापरा, आणि तो पृष्ठभागाचंच तापमान सांगतो हे लक्षात ठेवा. आतल्या दाण्यांत त्याहून गरम ठिपके असतात.

दाराच्या आणि नळीच्या जोडांवर गळती मोजणारा मीटर दर आठवड्याला फिरवा. पाच सेंटिमीटर अंतरावर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट ही घरगुती ओव्हनची मर्यादा आहे, आपणही तिच्या खूप खाली राहावं. दाराचा इंटरलॉक (दार उघडताच मशीन बंद करणारा खटका) तारेने बांधून मशीन चालवणारा ऑपरेटर प्रत्येक कारखान्यात एक तरी असतो. त्याला या मशीनवर ठेवू नका.

वेगाचा अंदाज असा. २०% ओलाव्याच्या मालात, किलोभर कोरड्या कार्बनमागे पाणी, कार्बन आणि घाण मोडणं मिळून १.७ मेगाज्यूलच्या आसपास लागतात. ६ किलोवॉटपैकी ६०% कार्बनमध्ये उतरले तर तासाला साडेसात किलो होतात. ओलावा ५०% ठेवला तर तेच साडेतीन किलोवर येतं. ५०० किलोची टाकी असेल तर एका बाजूला ६५ तास, दुसऱ्या बाजूला १४०. उन्हाची शेड किती कमावते ते यात दिसतं.

पायरी ८: धूर

कार्बनमधून निघालेली घाण कुठेतरी जाणारच. नळीतून येणाऱ्या वायूत पाण्याची वाफ, डांबरासारखी द्रव्यं, कार्बन मोनॉक्साइड, आणि रिॲक्टिव्ह रंगांतल्या सल्फोनेटमुळे सल्फरचे वायू असतात. क्लोरीन असलेले क्लोरोट्रायझिन गटाचे रंग असतील तर हायड्रोजन क्लोराइडही. नुसता थंड करून चिमणीत सोडला तर घाण फक्त पाण्यातून हवेत गेली.

क्रम असा ठेवा: गरम पाइप, म्हणजे डांबर मध्येच गोठून पाइप तुंबणार नाही, मग जाळण्याची खोली, मग झटपट थंड करणं, मग कॉस्टिकचा स्क्रबर, म्हणजे कॉस्टिकच्या पाण्याने धूर धुणारी टाकी. क्लोरीन नसलेल्या रंगांना ८५० अंश आणि त्या तापमानावर दोन सेकंद. क्लोरीन असेल तर ११०० अंश. बऱ्याच कोटेशनमध्ये मायक्रोवेव्हची किंमत मोठ्या अक्षरांत आणि ही धुराची यंत्रणा 'ग्राहकाच्या कक्षेत' असं शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान आधी वाचा. बऱ्याचदा धुराची बाजू मुख्य मशीनइतकीच महाग पडते.

पायरी ९: थंड करून परत टाकीत

गरम कार्बन हवेत काढला की पेटतो. नायट्रोजनमध्येच ६० अंशांच्या खाली येऊ द्या. घाईने पाणी मारू नका, फार गरम कार्बनवर पाणी पडलं की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात.

चाळून भुकटी वेगळी करा. टाकीत भरल्यावर दिवसभर पाण्यात भिजत ठेवा, छिद्रांतली हवा निघायला तेवढा वेळ लागतो. नाहीतर बॅकवॉशमध्ये, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून धुताना, अर्धा माल तरंगून बाहेर जाईल. सुरुवातीचं काळं पाणी संपेपर्यंत बॅकवॉश करा, मगच लाइनवर घ्या. दर फेरीत ५ ते १०% नवा कार्बन मिसळावा लागतो, तेवढी घट धरूनच चाला.

हिशेब कुणाला परवडतो

मॅग्नेट्रॉनमध्ये वाया जाणारी वीज धरून विजेचा भाग किलोमागे सव्वा युनिट, म्हणजे युनिटला ९ रुपये धरले तर ११ रुपयांच्या आसपास. एवढाच आकडा ऐकवून मशीन विकलं जातं. त्यात धूर जाळायचं इंधन, नायट्रोजन, ॲसिड, दोन माणसं, प्रयोगशाळा आणि फुटणाऱ्या नळ्या धरा. दुसऱ्या बाजूला नव्या कार्बनचा दर, अधिक जुना रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रात पाठवायचा दर आणि गाडीभाडं लिहा. वर्षाला पाचसहा टनच कार्बन निघत असेल तर स्वतःचं मशीन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दहाबारा डाईंग युनिटनी मिळून एक सामाईक संच, रीतसर परवानगीसह, हे जास्त शहाणपणाचं.

मग गॅमा आणि इलेक्ट्रॉन बीम कुठे

दोन ठिकाणी. एक, जिथे कार्बनवर रंग कमी आणि जंतू जास्त आहेत, उदाहरणार्थ पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरमधला शेवाळलेला कार्बन. जंतू मारायला काही किलोग्रे पुरतात. वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला २५ किलोग्रे हा रूढ डोस आहे. अहमदाबादला शहराचा सांडपाण्याचा गाळ कोबाल्ट-६० ने निर्जंतुक करणारा दिवसाला १०० टनांचा प्रकल्प याच तत्त्वावर उभा आहे. मात्र कांदा आणि मसाला विकिरणित करणारी केंद्रं तुमचा घातक कचरा दारात घेणार नाहीत, आणि घेऊही नये. असं केंद्र स्वतः उभारायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, जाड काँक्रीटच्या भिंती आणि प्रशिक्षित अधिकारी लागतात. एकट्या युनिटचं हे काम नव्हे.

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं: किरण कार्बनवर न टाकता कार्बनच्या आधीच्या पाण्यावर टाकायचे. पाण्यात रंग लिटरला काही मिलिग्रॅमच असतो, तिथे मूलकांची संख्या पुरते आणि १ ते २ किलोग्रेत काम भागतं. दक्षिण कोरियातल्या देगूच्या डाईंग वसाहतीत २००५ पासून १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, ४०० किलोवॉटच्या यंत्राने दिवसाला एक कोटी लिटर रंगाचं पाणी असं हाताळलं गेलं. चीनमध्येही कापड उद्योगाच्या पाण्यासाठी असे प्रकल्प उभे राहिले आहेत. इलेक्ट्रॉन बीम रंगाचे मोठे रेणू तोडतो, तुकडे जिवाणूंना पचतात, आणि कार्बनपर्यंत येतं तेच मुळात कमी. सोलापुरात सामाईक पातळीवर कधी विचार झाला तर तो या दिशेने व्हावा.

कार्बन कधी सोडून द्यायचा

राख १५% च्या वर गेली, किंवा धुऊन तापवूनही आयोडिन नंबर नव्याच्या ७०% पर्यंत येत नाही, की त्या मालावर आणखी वीज घालू नका. अशा कार्बनला आणि पावडर कार्बनला सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रियेला, म्हणजे इंधनाबरोबर जाळायला, पाठवता येतं, कारण त्यात उष्मांक चांगला असतो. होटगीकडची सिमेंट युनिट क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे) नुसतं दळणारी आहेत, भट्ट्या कर्नाटकात वाडी, सेडमच्या पट्ट्यात. राज्याची हद्द ओलांडायची म्हणजे दोन्ही राज्यांच्या मंडळांना आधी कळवावं लागतं आणि गाडीबरोबर नमुना १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा वाहतुकीचं पत्रक, हवं. भट्टीवाले क्लोरीन आणि ओलावा दोन्ही विचारतात, तेव्हा ॲसिडने धुतलेला पण नीट न खंगाळलेला माल परत येऊ शकतो. पाठवण्याआधी शेवटचं धुणं आणि शेडमधलं वाळवणं तेवढं करून घ्या. पाण्याच्या वजनाचं गाडीभाडंही वाचतं.